"आधी डिप्रेशन पूर्ण बरं कर, मग टीचं लेटर देतो" असं सांगितलंय त्या लातूरच्या मित्राला

भावा, तुझी पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. लातूरहून पुण्यात शिकायला आलायस, तेवीस वर्षांचा ट्रान्स मुलगा (जन्माला मुलगी म्हणून नोंदलेला), डिप्रेशनची एस्सिटालोप्रॅम गोळी चालू आहे, आणि सायकॅट्रिस्ट म्हणतात मूड पूर्ण नीट झाल्याशिवाय टेस्टोस्टेरॉन (टी, म्हणजे पुरुषी हार्मोन) सुरू करण्यासाठी लेटर देणार नाही, आणि पुढच्या वेळी आईवडलांना घेऊन ये. वर जिममधला एक जण म्हणतोय टीचं इंजेक्शन मीच आणून देतो. यातलं जिम सोडलं तर बाकी सगळं माझ्याही वाट्याला आलंय, म्हणून लांबलचक लिहितोय.

बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा), पाळी कधी थांबते, आवाज कधी फुटतो हे तुला माहीतच असणार, त्यात जात नाही. मी डॉक्टर नाही, टीवर बरीच वर्षं असलेला एक माणूस आहे, त्यामुळे डोसबिस मला विचारू नकोस.

तर पहिलं, हे "पूर्ण बरं" प्रकरण. मला पक्कं वाटतं की तुझे डॉक्टर इथे चुकतायत. डब्ल्यूपाथची (ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची जागतिक संघटना) जी नियमावली बहुतेक डॉक्टर वापरतात तिच्या जुन्या, सातव्या आवृत्तीतसुद्धा एवढंच होतं की दुसरा काही मानसिक त्रास असेल तर तो बऱ्यापैकी आटोक्यात हवा. आटोक्यात, बरा नव्हे. २०२२ ची आठवी आवृत्ती तर आणखी मोकळी आहे, तुला उपचार समजतायत का आणि निर्णय घेता येतोय का यावर तिचा भर आहे. अरे, ज्या शरीरामुळे रोज सकाळी आरशासमोर जीव नकोसा होतो त्याचं काही करायचं नाही आणि मूड मात्र आधी छान करून दाखवायचा, हे जमायचं कसं? मेलबर्नच्या लोकांनी २०२३ मध्ये ६४ जणांवरचा एक अभ्यास छापला, निम्म्यांना टी लगेच दिलं आणि निम्म्यांना तीन महिने थांबवलं (तिकडे तेवढी वेटिंग लिस्ट असतेच). लगेच मिळालेल्यांचं डिप्रेशन आणि जीव द्यायचे विचार, दोन्ही थांबलेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाले. अभ्यास छोटा आहे हे मान्य, पण "थांबलं तर काही बिघडत नाही" असं म्हणणाऱ्याला दाखवायला पुरेसा आहे.

पण दुसरी बाजूही ऐक. टी म्हणजे डिप्रेशनचं औषध नाही. माझं शरीराबद्दलचं ते सततचं टोचणं गेलं, पण घरचं, पैशाचं, एकटेपणाचं जे होतं ते होतं तिथेच राहिलं आणि त्याची गोळी मला पुढेही चालू ठेवावी लागली. टी सुरू झालं की लोक पहिल्या महिन्याच्या आनंदात गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करतात, तसलं काही करू नकोस. एस्सिटालोप्रॅम अचानक सोडलं की चक्कर, चिडचिड, झोपेचं खोबरं, आणि मग खापर फुटतं हार्मोन्सवर.

आता आईवडलांची सही, माझं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते इथे. मी ज्या ओपीडीत जायचो (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) तिथे मी पूर्ण सज्ञान, नोकरी करणारा, फी स्वतः भरणारा. तरी काउंटरवरच्या बाईंचं एकच, "कन्सेंटला फादर लागतील." डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले आमची तशी पद्धत आहे. कुठे लिहिलंय विचारलं तर गप्प. बरं, नाही म्हणून गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी केस पेपरवर जुन्या नोंदणीतला घरचा नंबर होता त्यावर फोन लावला. मला न विचारता. वडलांना सांगितलं की तुमच्या मुलीच्या लिंगबदलाच्या ट्रीटमेंटसाठी सही करायला या. झालं, त्या एका फोनवर सगळं बाहेर आलं, जे मी माझ्या वेळेने, माझ्या शब्दांत आधी आईला सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी मामा गाडी घेऊन हजर. मग गावाकडे, फोन काढून घेतलेला, अंगारे-धुपारे, आणि स्थळं बघायला सुरुवात. गोळ्या मध्येच बंद पडल्या ते वेगळंच. त्यातून बाहेर यायला किती काळ गेला ते लिहीत बसत नाही. त्या ओपीडीवाल्यांनी मला सॉरीसुद्धा म्हटलं नाही, उलट फाइल मागायला गेलो तर म्हणे पेशंट फॉलोअपला आला नाही असा शेरा आहे!

म्हणून आजच्या आज तुझा केस पेपर बघ. घरचा नंबर आणि गावचा पत्ता असेल तर बदलून घे, लेखी अर्ज देऊन. १८ पूर्ण झालेल्याला स्वतःच्या उपचारासाठी आईबापाची सही लागत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाच, कलम २३ गोपनीयतेचं आहे, कलम २५ प्रमाणे स्वतःचे कागद मागता येतात, आणि मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते कलम १४. उद्या तुझी मनस्थिती खूप बिघडली तर तुझ्या वतीने कोण बोलेल हे तू आधीच साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवू शकतोस. तो नातेवाईकच हवा असं नाही, रूममेटही चालतो, फक्त सज्ञान हवा आणि त्याची तयारी हवी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! हा कागद करून एक कॉपी फाइलला लाव. पण मी वकील नाही, अडलं तर एखाद्या संस्थेतल्या वकिलाला दाखव.

डॉक्टर सरळ "लग्न झालं की ठीक होईल" लाइनवर आले तर वाद घालत बसू नकोस, डॉक्टर बदल. कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे माणसाचं ट्रान्स किंवा गे असणं 'बदलायचे' उपचार, हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये कळवलंय, तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. मी केली नाही, तेव्हा अंगात त्राण नव्हतं. आधी पुण्यात ट्रान्स लोकांसाठीच्या मित्र क्लिनिकचं नाव लगेच सांगता यायचं, पण अमेरिकेचा फंड थांबल्यावर २०२५ च्या सुरुवातीला ते बंद पडलं, त्यामुळे आता ट्रान्स ग्रुपमधल्या ज्यांना खरंच लेटर मिळालंय त्यांना विचारूनच डॉक्टर गाठ, गुगलच्या स्टार बघून नको. आणि लेटरमध्ये नुसतं "जेंडर इश्यू आहे" असं मोघम लिहून घेऊ नकोस. जेंडर इनकाँग्रुअन्स (जन्माला नोंदलेलं लिंग आणि स्वतःची ओळख न जुळणं) आहे, पेशंटला परिणाम समजतात, संमती देण्याची क्षमता आहे, डिप्रेशनवर उपचार चालू असून ते आटोक्यात आहे, एवढं स्पष्ट असलं की एंडो (एंडोक्रिनॉलॉजिस्ट, टी लिहून देणारे हार्मोनचे डॉक्टर) परत पाठवत नाहीत. टीजी कार्डसाठी (ट्रान्सजेंडर म्हणून सरकारी ओळखपत्र) अडून राहू नकोस, माझ्या एंडोंनी ते कधी मागितलं नाही.

सुरू झाल्यावरच्या दोन गोष्टी. इंजेक्शन दोन-तीन आठवड्यांनी घेतलं की शेवटचे काही दिवस मूड पार खाली जातो, मी तर कुत्र्यासारखा भुंकायचो सगळ्यांवर. तारीख आणि मूड कॅलेंडरवर लिहीत जा, तोच नमुना दिसला तर एंडोंना दाखव, डोस अर्धा करून अंतर कमी करता येतं. दुसरं म्हणजे लॅब. फॉर्मवर एफ (फीमेल) लिहिलेलं असतं त्यामुळे हिमोग्लोबिन सोळा आलं तरी रिपोर्टवर जाड ठशात "हाय" छापून येतं आणि आपली रात्रभर झोप उडते. टीवर असताना ते पुरुषांच्या रेंजशी ताडून बघतात. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) मात्र खरंच बघायचा असतो, तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा थांबवतात. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधी सांग, सस्टेनॉन या टीच्या इंजेक्शनमध्ये शेंगदाणा तेल असतं.

राहिला तो जिमवाला. नको. बाटलीत काय आहे त्यालाही माहीत नसतं, बॉडी करणाऱ्यांचे डोस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि तुझ्या आत्ताच्या मनस्थितीत तर मुळीच नको. तरीही घेतलंसच तर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), लिव्हर आणि बीपी करून घे आणि एंडोंपासून लपवू नकोस, ते ओरडतील पण तपासतील.

रात्री वाईट विचार येतात असं शेवटी एका ओळीत लिहिलंयस, ते मी वाचलंय. १४४१६, टेली मानस, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. उचलणाऱ्याला ट्रान्स म्हणजे काय ते कळेलच याची खात्री देत नाही, नाही कळलं तर नुसतं "झोप येत नाही, मरावंसं वाटतं" एवढंच सांग, तेवढ्यावर मदत मिळते. तेही नको वाटलं तर मला मेसेज कर, मी उशिरापर्यंत जागाच असतो. फक्त केस पेपरचा फोटो पाठवलास तर जुनं नाव आणि नंबर खोडून पाठव.