ब्रोशरमधल्या स्विमिंग पूलचा कॉपीराइट

ह्या महिन्यात कॉपीराइटचीच पत्रं एवढी आलीयत की पार्किंग, भाडेकरू आणि गॅलरीतली कबुतरं हे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय, रागावू नका. मी ठाण्याच्या कोर्टात वकिली करते, पण इथे जे लिहिते ते सर्वसाधारण असतं, नोटीस हातात असेल तर ती घेऊन कोणातरी वकिलाकडे जाच.

प्रश्न : ताई, मी घोडबंदर रोडला राहतो. बुकिंगच्या वेळी बिल्डरनं जे ब्रोशर दिलं त्यात क्लब हाऊस, स्विमिंग पूल, चोवीस तास पाणी असं सगळं होतं, पझेशन मिळून तीन वर्षं झाली, पूलच्या जागी पार्किंग आहे आणि पाण्याला टँकर. मी साडेसहा मिनिटांचा व्हिडिओ केला, एका बाजूला ब्रोशरचं पान आणि दुसऱ्या बाजूला आज तिथे काय आहे त्याचं शूटिंग, शिवीगाळ नाही काही नाही. यूट्यूबवर टाकला, अकरा हजार लोकांनी बघितला आणि पाचव्या दिवशी व्हिडिओ गायब, मेल आला की ब्रोशरमधल्या चित्रांचा कॉपीराइट बिल्डरचा आहे, तुम्हाला स्ट्राइक, म्हणजे चॅनेलला ताकीद, बसलाय. बायको म्हणते नाद सोडा, आपल्याला त्याच बिल्डिंगीत राहायचंय. मी खरंच चोरी केली का हो?

उत्तर : नाही केलीत. वहिनींचा मुद्दा वेगळा आहे, त्याच्याकडे येते.

ब्रोशरवर कॉपीराइट असतो हे खरंय. चित्र, फोटो, मजकूर सगळ्यावर असतो, कितीही भिकार असलं तरी असतो. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ नंबरचं एक लांबलचक कलम आहे, वकिलीत येऊन इतकी वर्षं झाली तरी मला ते पाठ नाही, एवढं लांब. काय केलं तर भंग धरायचा नाही त्याची ती यादी आहे आणि त्यात टीका आणि समीक्षा सरळ लिहिलेली आहे. आता टीकेसाठी किती वापरलं तर चालतं ह्याचं माप कायद्यात दिलेलं नाही, केरळ हायकोर्टानं १९९६ साली एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेल्या दुसऱ्या नाटकाच्या केसमध्ये तीन गोष्टी बघितल्या होत्या, किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि त्यामुळे मूळ कृतीचं गिऱ्हाईक पळतं का. तुमचा व्हिडिओ बघून कोणी ब्रोशर विकत घ्यायचं थांबलेलं नाही, ब्रोशर फुकटच वाटतात. फ्लॅट घ्यायचं थांबलं असेल, पण ते दुखणं कॉपीराइटचं नव्हे.

मग व्हिडिओ गेला कसा, तर ही गंमत नीट समजून घ्या, कारण असली पत्रं मला आता दर महिन्याला येतात. समजा बिल्डरनं यूट्यूबला कळवलं असतं की ह्या माणसानं आमची बदनामी केली, काढा व्हिडिओ. तर भारतातल्या कायद्याप्रमाणे नुसत्या तक्रारीवरून काढायचं बंधन त्यांच्यावर नाही, कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश लागतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात सांगितलं. तो खटला ज्या अटकेमुळे उभा राहिला ती पालघरची होती, २०१२ ची, आणि तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून पोलिसांनी उचललं आणि त्यातून शेवटी नेटवरच्या लिखाणावरून अटक करू देणारं आयटी कायद्याचं ६६ए कलमच रद्द झालं. म्हणजे बोलण्याचं जे संरक्षण अख्ख्या देशाला मिळालं त्याचं मूळ आपल्या शेजारचं आहे.

पण तोच बिल्डर 'बदनामी'च्या ऐवजी 'कॉपीराइट' लिहितो तेव्हा कोर्टाची पायरी गळते. दिल्ली हायकोर्टानं २०१६ च्या डिसेंबरात मायस्पेस ह्या गाणी-व्हिडिओ टाकायच्या साइटच्या केसमध्ये म्हटलं की कॉपीराइटच्या बाबतीत मालकानं नेमकी कोणती वस्तू ते दाखवून कळवलं तरी पुरे, प्लॅटफॉर्मला कारवाई करायला लागेल. गाणी आणि सिनेमांसाठी हे बरोबरच आहे, शुक्रवारी लागलेला पिक्चर शनिवारी फुकट फिरायला लागला तर निर्मात्यानं कोर्टाच्या तारखेची वाट बघत बसायचं का. पण तीच वाट मग टीका बंद करायलाही वापरतात.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. यूट्यूब अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याची पद्धत चालवतं, त्यात तुम्ही काउंटर नोटिफिकेशन देऊ शकता, की हे टीकेसाठी वापरलंय, चुकीनं काढलंय. त्यानंतर तक्रार करणाऱ्याला दहा कामकाजाचे दिवस मिळतात, तेवढ्यात तो कोर्टात गेल्याचं त्यानं दाखवलं नाही तर व्हिडिओ परत येतो. पण काउंटरमध्ये तुमचं खरं नाव, पत्ता द्यावा लागतो आणि ते तक्रारदाराकडे जातं. तुमच्या केसमध्ये बिल्डरला तुमचा पत्ता माहितीच आहे, त्यानंच तर चावी दिली! पण एखाद्या मुलीनं क्लासवाल्याबद्दल किंवा जिमवाल्याबद्दल असा व्हिडिओ केला असेल तर ती पत्ता देताना शंभरदा विचार करेल आणि गप्प बसेल, हे मला फार खटकतं. मशीनच्या एका बटणानं व्हिडिओ उडवता येतो आणि तो परत आणायला माणसानं घरचा पत्ता द्यायचा.

आपल्याकडच्या २०१३ च्या कॉपीराइट नियमांत पंचाहत्तरावा नियम आहे, तो वाचून ठेवा. तक्रारदारानं प्लॅटफॉर्मला लिहून द्यायचं असतं की हा वापर कलम ५२ मध्ये बसत नाही आणि मी कोर्टात दावा लावीन. प्लॅटफॉर्मनं ३६ तासांत ते बंद करायचं, पण २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर पुढे बंद ठेवायचं बंधन राहत नाही. म्हणून तारीख लिहून ठेवा, मेल डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा. स्ट्राइक ९० दिवसांनी जातो, पण त्या मुदतीत तीन झाले तर चॅनेलच जाऊ शकतं, तेव्हा तोच व्हिडिओ रागारागानं पुन्हा टाकू नका (अर्धे लोक हेच करतात).

कलम ६० पण आहे, त्याबद्दल फारसं कोणाला माहीत नसतं. उगाच कॉपीराइटची धमकी देणाऱ्यावर तुम्ही स्वतः दावा लावू शकता, धमकी थांबवा आणि नुकसान भरून द्या म्हणून. समोरच्यानं लगेच भंगाचा दावा लावला तर हे कलम चालत नाही, पण मग निदान प्रकरण कोर्टात तरी जातं, जिथे तुमचं ऐकून घेतील.

आता वहिनी. त्यांना सांगा की खरा मार व्हिडिओचा नाहीच, रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या, कायद्यात कलम १२ आहे, जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात खोटं सांगून बुकिंग घेतलं आणि त्यात नुकसान झालं तर बिल्डर भरपाईला जबाबदार. महारेराकडे, म्हणजे त्याच कायद्याखालच्या आपल्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, ब्रोशरची प्रत पुरावा म्हणून लावताना कोणाचाही कॉपीराइट आड येत नाही, न्यायालयीन कामासाठी प्रत काढणंही त्याच कलम ५२ मध्ये आहे. सोसायटीतले आणखी आठदहा जण बरोबर घ्या, एकटे लढू नका.

प्रश्न : ऐरोलीच्या आमच्या सोसायटीत गणपतीचे पाच दिवस असतात, आरती, लहान मुलांचे डान्स, शेवटच्या दिवशी थोडा डीजे. यंदा एका एजंटचं पत्र आलं, गाणी वाजवायचं लायसन्स घ्या नाहीतर क्रिमिनल केस. सेक्रेटरी घाबरून पैसे भरायला निघालेत. भरायचे का?

उत्तर : आधी सेक्रेटरींना बसवा, चहा द्या.

वर सांगितलेल्या कलम ५२ प्रमाणेच खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं वाजवलं तर तो भंग होत नाही, आणि ह्याच तरतुदीत लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभसुद्धा स्पष्ट घातलेत. त्याशिवाय राहत्या इमारतीतल्या रहिवाशांच्या सामाईक हॉलमध्ये, रहिवाशांच्या सोयीसाठी म्हणून, रेकॉर्ड वाजवली तर त्यालाही सूट आहे. तुमची आरती आणि क्लब हाऊसमधला लहान मुलांचा कार्यक्रम ह्यात बसतो असं मी म्हणेन. शेवटच्या दिवसाचा डीजे मात्र रस्त्यावर असेल, बाहेरून वर्गणी, स्पॉन्सरचा बॅनर, तर 'धार्मिक विधी' म्हणताना मलाच थोडं हसू येईल, तिथे एजंटच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं.

लग्नाच्या गाण्यांबद्दल केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये सूट आहे असं कळवलं होतं, पण नंतर गोवा सरकारनं काढलेलं तसंच परिपत्रक मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठानं २०२४ साली रद्द केलं. कायद्यातली सूट तशीच आहे, फक्त सरकारनं परिपत्रकानं ती ताणायची नाही. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणारं कुठलं परिपत्रक एजंटच्या तोंडावर फेकू नका, त्याला लेखी विचारा, कोणत्या गाण्यांसाठी मागताय, कोणाच्या वतीनं, मालकीचा किंवा नोंदणीचा कागद दाखवा, आणि आमचा कार्यक्रम कलम ५२ मध्ये का बसत नाही ते सांगा. माझ्या अनुभवात ह्या चार ओळींनंतर निम्मी पत्रं बंद होतात.

आणि जिथे पैसे लागू होतात तिथे भराच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमाचं गाणं लिहिणाऱ्याला आणि चाल लावणाऱ्यालाही रॉयल्टीत हक्काचा वाटा आहे, आधी एकदा मानधन घेऊन विषय संपायचा. तो वाटा कोणाच्या तरी घरचं औषधपाणी असतो.

प्रश्न : आमचा नौपाड्यातल्या वाचणाऱ्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, दोनशेच्यावर मेंबर. दिवाळीच्या आधीच कोणीतरी दिवाळी अंकांच्या पीडीएफ टाकतं आणि मग भांडणं. काही म्हणतात ज्ञान वाटलं तर वाढतं, काही म्हणतात चोरी. मी ॲडमिन आहे, मला पकडतील का?

उत्तर : तुम्हाला पकडायची शक्यता कमी आहे, ॲडमिन आहे एवढ्यावरून मेंबरच्या पोस्टची फौजदारी जबाबदारी येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली म्हटलंय, ती केस कॉपीराइटची नव्हती पण मुद्दा तोच. पण भांडणात मी चोरी म्हणणाऱ्यांच्या बाजूची आहे. स्वतःपुरता वापर कायद्याला चालतो, दोनशे लोकांना फॉरवर्ड हा स्वतःपुरता कसा होईल? १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हे सगळं जाहिराती आणि विक्री ह्या दोन काठ्यांवर उभं आहे, जाहिराती आता नेटवर गेल्या, दुसरी काठी आपणच काढून घेतोय. लेखकाला मानधन वेळेवर मिळत नाही म्हणून कळवळणारेच पीडीएफ मागतात, हे मी साहित्य संमेलनाच्या मांडवातही बघितलंय.

वाटून वाचायचंच असेल तर लायब्ररी आहे की. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. विकत घेतलेला अंक दहा जणांनी आळीपाळीनं वाचला तर कोणाचीही परवानगी लागत नाही.

जुन्या अंकांचं स्कॅनिंग करायचं असेल तर त्याचा हिशोब वेगळा, कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची, म्हणजे १९६० साली गेलेल्या लेखकाचं लिखाण १ जानेवारी २०२१ ला सगळ्यांचं झालं. एकाच अंकात वीस लेखक तर वीस हिशोब. आधी ही मुदत ५० वर्षं होती, रवींद्रनाथांच्या लिखाणाची मुदत १९९१ अखेर संपत होती तेव्हा ती सगळ्यांसाठीच दहा वर्षांनी वाढवली. एका मोठ्या माणसासाठी देशभरातल्या वाचकांना दहा वर्षं थांबवलं, मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

प्रश्न : वाशीला कॉलेजात आहे. एक साइट उघडली तर पाटी आली, ही साइट ब्लॉक आहे, नुसतं बघितलंत तरी तीन वर्षं जेल. आई रडायला लागली.

उत्तर : आईला म्हणावं रडू नका. हीच पाटी २०१६ साली मुंबई हायकोर्टापुढे गेली होती, न्यायमूर्ती गौतम पटेलांनी सांगितलं की नुसतं बघणं हा गुन्हा नाही, परवानगी नसताना वाटणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा. अख्ख्या साइट सरसकट बंद करायला पण ते तयार नव्हते, कोणती लिंक ते तपासून सांगा म्हणाले. बरोबरच होतं, २०१२ साली मद्रास हायकोर्टाच्या एका आदेशावरून इंटरनेट कंपन्यांनी सरळ व्हिमिओसारख्या व्हिडिओच्या साइटच बंद केल्या होत्या, शेवटी कोर्टालाच सांगावं लागलं की फक्त त्या-त्या लिंक म्हणालो होतो. असल्या केसमध्ये प्रतिवादी कोण ते माहीत नसतं म्हणून कागदावर 'अशोक कुमार' लिहितात, खऱ्या अशोक कुमारांनी घाबरू नये. आणि तू तिथून पिक्चर उतरवून पेन ड्राइव्हवर विकत असशील तर मात्र आईला रडू दे, सुप्रीम कोर्टानं २०२२ साली हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात आणि जामीन हक्कानं मिळत नाही.

प्रश्न : कळव्याची माझी मावशी, पूर्वी खूप वाचायची, आता डोळ्यांनी अजिबात दिसत नाही. मी तिच्यासाठी पुस्तकं मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करते. तिच्या तीन मैत्रिणी पण अंध आहेत, त्यांना पाठवू का? प्रकाशकाला विचारायला हवं का?

उत्तर : नको, पाठवा. २०१२ पासून कायद्यात हे आहे, अपंग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कोणीही पुस्तकाचं रूप बदलू शकतं आणि तसं रूप अशा दुसऱ्या व्यक्तींनाही देऊ शकतं. अंधांसाठीचा माराकेश करार म्हणून जगात एक करार आहे, २०१४ साली त्याला सगळ्यात पहिली मंजुरी भारतानं दिली. फक्त यूट्यूबवर टाकू नका, तिथे डोळस लोकही ऐकतात आणि मग वर लिहिलंय ते सगळं सुरू होतं. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा, आणि मावशींना आधी कोणतं पुस्तक हवंय ते मला कळवा, आमच्याकडे माळ्यावर बरीच आहेत.