घरातल्या कुंड्यांना नेमकं किती दिवसांनी पाणी घालावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकाच खिडकीशी तीन सहा इंची कुंड्या आहेत आणि तिन्हींना एक दिवसाआड एक-एक पेला पाणी घालता. स्नेक प्लांट नर्सरीच्या लाल मातीतच होता, तो बुडातून मऊ पडून कोलमडला. मनी प्लांट तुम्ही तळाला दगड घालून, बागेची माती भरून नव्या कुंडीत लावला, त्याची खालची पानं पिवळी पडताहेत. पीस लिली नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात आली, ती दर चार दिवसांनी माना टाकते, आणि तिला घातलेलं पाणी लगेच ताटलीत उतरतं. खिडकी तीच, पेला तोच, मग तिघांच्या तीन तऱ्हा कशा?

कारण तिघांच्या कुंडीत भरलेलं वेगळं आहे. किती दिवसांनी पाणी घालायचं हे झाडाच्या नावावरून थोडंसं कळतं, उजेडावरून आणखी थोडं, पण सगळ्यात जास्त ते कुंडीतल्या मिश्रणावर ठरतं. मी डोंबिवलीत गेली अकरा वर्षं घरात झाडं वाढवतोय. पहिली दोन-तीन वर्षं मीही वार ठरवून पाणी घालायचो आणि त्यात बरीच झाडं गेली. त्या झाडांची हळहळ अजून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे वडील सिन्नरकडे शेती करायचे. पाऊस पडून गेला की लगेच पेरणीला हात घालत नसत. रोज सकाळी बांधावरून खाली उतरायचे, चार बोटं माती उकरून मूठभर घ्यायचे, दाबून तिचा लाडू करायचे आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडायचे. लाडू चपटा होऊन तसाच राहिला तर अजून ओल जास्त. लाडू वळलाच नाही तर वेळ निघून गेली. आणि पडल्यावर भुगा होऊन विखुरला की म्हणायचे, वाफसा आला. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. कुंडीतल्या झाडालाही हेच लागतं. मुळं नुसतं पाणी पीत नाहीत, श्वासही घेतात. कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की त्यांना प्राणवायू मिळत नाही, ती मरू लागतात आणि मग कुजवणारी बुरशी शिरते. मुळं मेली की पाणी वर चढत नाही, म्हणून पानं सुकतात. माणूस सुकलेली पानं बघून आणखी पाणी घालतो. घरातली बहुतेक झाडं अशीच जातात.

म्हणजे खरा प्रश्न असा, की भरपूर पाणी घातल्यावर तुमच्या कुंडीत वाफसा यायला किती दिवस लागतात? एका मिश्रणात तो तासाभरात येतो, दुसऱ्यात आठ दिवसांनीही येत नाही.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. भांडी घासायचा नवा, जाड स्पंज घ्या, पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल, मग थांबेल. थेंब पूर्ण थांबल्यावर तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच आहे, फक्त त्याची उंची वाढली. कुंडीत अगदी हेच होतं. निचरा थांबल्यावरही तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर उरतो, आणि तो किती जाड असेल हे मिश्रणाचे कण किती बारीक आहेत त्यावर ठरतं. बारीक कण म्हणजे जाड थर. कुंडी किती खोल आहे याने त्या थराची जाडी बदलत नाही. म्हणूनच एकाच मिश्रणात उथळ, पसरट कुंडी जास्त ओली राहते आणि उंच कुंडी कमी.

तुमच्या मनी प्लांटची गोम इथेच आहे. तळाला दगड घातले की निचरा चांगला होतो असं आपल्याकडे सगळेच सांगतात, माझी आईही सांगायची. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. ते दगडांच्या वर मातीतच थांबतं. म्हणजे गच्च थर नाहीसा झाला नाही, तो दोन इंच वर, थेट मुळांपाशी आला. दगड काढून टाका. भोकावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा किंवा नारळाच्या शेंड्या ठेवल्या की माती वाहून जात नाही, तेवढं पुरे.

आता माती. आपल्या पठारावरची काळी माती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र नको. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगा पडतात. शेतात खाली खोलवर पाणी ओढून घ्यायला जमीन असते, कुंडीत सहा इंचांवर तळ लागतो. कोकणातली लाल माती त्या मानाने बरी, पण नर्सरीतल्या काळ्या पिशवीत जो लाल गोळा येतो तो बहुतेक वेळा दाबून बसवलेला असतो, टेम्पोतून येताना फुटू नये म्हणून. नर्सरीत कडक उजेड आणि वारा असतो, तिथे तो गोळा रोज वाळतो. तुमच्या हॉलमध्ये तोच गोळा आतून आठ-दहा दिवस ओला राहतो. त्यात स्नेक प्लांट पानांत आणि जमिनीखालच्या जाड खोडात पाणी साठवून ठेवणारा, पानांवरची बारीक छिद्रं मुख्यतः रात्री उघडून पाणी कमी गमावणारा. त्याला दिवसाआड पाणी म्हणजे भरल्या पोटी जेवण.

पीस लिलीचं दुखणं उलटं आहे. तिची पानं सुकतात म्हणजे पाणी कमी, हे बरोबर आहे, पण तुम्ही घातलेलं पाणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या आठ-नऊ पट पाणी धरू शकतं, पण एकदा पूर्ण वाळलं की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग वरून घातलेला पेला त्या फटीतून सरळ ताटलीत येतो. तुम्ही एका बोटाने कडेला चाचपून बघा, फट लागेल. उपाय सोपा आहे. बादलीत कुंडी अर्ध्यापर्यंत पाण्यात ठेवा, पाऊण तास तशीच राहू द्या, मग बाहेर काढून निथळू द्या. कोकोपीट पुन्हा फुगून कडेला टेकेल.

मी माझ्या पीस लिलीची कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिली होती. निथळल्यावर १८५० ग्रॅम, आणि माना टाकल्या त्या दिवशी १२४०. फरक ६१० ग्रॅम, म्हणजे सहाशे मिलिलीटरहून जास्त पाणी. आपला घरातला पेला दोनशेचा. त्या दिवशी एक पेला घातला असता तर वरचा थर ओला झाला असता आणि खालची मुळं तशीच कोरडी. तेव्हापासून मी पेल्याने पाणी घालत नाही. घालायचं तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं, अर्ध्या तासाने ताटलीतलं ओतून टाकायचं, आणि मग वाट बघायची. पुण्यात बोअरचं जड पाणी असेल तर हे आणखी महत्त्वाचं. थोडंथोडं पाणी घालत राहिलं की त्यातले क्षार कुंडीतच साठतात, मातीवर आणि कडेला पांढरी पापडी धरते आणि पानांची टोकं करपतात. भरपूर पाणी खालून निघालं की ते क्षारही सोबत वाहून जातात.

तुमच्याकडे आत्ता जे मिश्रण आहे ते कसं आहे, हे घरी तपासता येतं. एक लिटरचा आइस्क्रीमचा किंवा तेलाचा प्लास्टिकचा डबा घ्या, शक्यतो कुंडीएवढाच उंच. तळाला चार-पाच भोकं पाडून बाहेरून चिकटपट्टी लावा. मिश्रण हलकं ओलं करून काठोकाठ भरा, न दाबता फक्त दोनदा आपटा. आता वरती पाणी चकाकेपर्यंत हळूहळू पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, पाणी खाली बसलं तर अजून घाला. मग डबा पातेल्यावर धरून चिकटपट्टी काढा आणि निथळलेलं पाणी मोजा. जेवढं पाणी बाहेर पडलं तेवढी हवा आत गेली. एक लिटरमागे दीडशे ते अडीचशे मिलिलीटर निघालं तर घरातल्या झाडांना मिश्रण छान. शंभराच्या खाली असेल तर ते चोंदलेलं आहे, त्यात वाफसा यायला दिवसेंदिवस लागणार. माझ्या पहिल्या लाल मातीतून जेमतेम चाळीस निघालं होतं. तो आकडा बघून मी बराच वेळ तसाच बसून होतो, कारण गेलेल्या प्रत्येक झाडाचं कारण त्या पातेल्यात दिसत होतं.

मिश्रण सुधारायला काय घालायचं? जाड कण. परलाइट मिळत असेल तर उत्तम. तो ज्वालामुखीच्या काचेचा खडा तापवून फुगवलेला असतो, हलका असतो, आणि कणांमध्ये हवेला जागा करून देतो. नसेल तर विटेचा चुरा करून चाळा, खाली पडलेली पूड फेकून द्या आणि वरचे ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे तुकडे वापरा. वाळू घालणार असाल तर जाडच. बारीक वाळू चिकणमातीच्या पोकळ्यांत जाऊन बसते आणि माती होती त्याहून घट्ट होते, हे मी बांधकामावरची वाळू आणून करून पाहिलंय.

स्नेक प्लांटला मी एक भाग लाल माती, एक भाग परलाइट आणि एक भाग विटेचे तुकडे घेतो, त्यात दोन मुठी गांडूळखत. या मिश्रणात माझ्याकडे हिवाळ्यात तीन आठवड्यांनी पाणी लागतं. मनी प्लांटला माती, कोकोपीट आणि परलाइट समसमान, शिवाय अर्धा भाग गांडूळखत, आणि पाणी साधारण आठवड्याने. पीस लिलीला दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात तिला सहाव्या दिवशी पाणी लागतं आणि जुलैत हवा दमट असते तेव्हा अकराव्या-बाराव्या दिवशी. हे माझ्या घरातले दिवस आहेत. पुण्याची हवा आमच्यापेक्षा कोरडी, तुमचे दोन दिवस कमी भरतील. कोकोपीटची वीट आणलीत तर भिजवून दोन-तीनदा पाणी बदलून धुवा, त्यात मीठ असतं. आणि नुसत्या कोकोपीटमध्ये पोषण जवळजवळ नसतंच. पॉलिहाऊसमध्ये ठिबकमधून पाण्याबरोबर खत जातं म्हणून तिथे ते चालतं.

नवीन मिश्रण करताना एक चूक टाळा. जुना लाल गोळा तसाच मधोमध ठेवून भोवती मोकळं मिश्रण भरू नका. पाणी मोकळ्या भागातून निघून जातं आणि गोळा आत दगडासारखा कोरडा राहतो, किंवा एकदा भिजला की भोवतालचं वाळलं तरी तो गच्च ओला राहतो. बोट घालून बघाल तर बाहेरचं मिश्रण कोरडं लागेल आणि तुम्ही पुन्हा पाणी घालाल. गोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने निम्मी-अधिक माती सोडवा. दोन-चार मुळं तुटली तरी चालतील.

पाणी घालायचं की नाही हे रोज कसं ठरवायचं? वरची माती बघून नाही, कोकोपीट तर वरून फिकट, कोरडं दिसतं आणि दोन बोटं खाली ओलं असतं. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढून ओठाला लावा. गार लागली तर थांबा. पंधरा दिवसांत काडीची गरज संपेल, कुंडी नुसती उचलून हाताला कळायला लागेल. आणि हा अंदाज कायमचा धरून बसू नका. दीड-दोन वर्षांत कोकोपीट आणि खत कुजून बारीक होतं, मिश्रण दबतं, आणि पूर्वी सहा दिवसांत वाळणारी कुंडी दहा दिवस घेते. उलट मुळांनी कुंडी भरली तर ती तीन दिवसांतच हलकी होते. मातीवरून चिलटं उडायला लागली तरी समजा की वरचा थर सतत ओला राहतोय, त्यांच्या अळ्या तिथेच वाढतात.

स्नेक प्लांट फेकला नसेल तर अजून फेकू नका. मऊ पडलेला भाग पूर्ण कापून टाका, आत तपकिरी डाग दिसला तर आणखी वर कापा. कडक राहिलेलं पान तीन-चार दिवस सावलीत ठेवा, काप सुकू द्या, आणि मग वरचं टोक वरच ठेवून जाड वाळूत इंचभर खोचा. मुळं यायला महिना-दोन महिने लागतात, तोवर वाळू जेमतेम ओलसर ठेवा. पिवळ्या काठाचा असेल तर पानापासून येणारं पिल्लू बिनकाठाचं, साधं हिरवं निघतं. काठ हवा असेल तर कुंडी उकरून बघा, जमिनीखालच्या खोडाचा एखादा टणक तुकडा फुटव्यासकट शाबूत असेल तर तो लावा.