'उपद्रवी तण' असं दोनदा का म्हणायचं?

परभणीच्या एका वाचकांनी विचारलं आहे : तण म्हटलं की उपद्रव आलाच, मग सरकारी कागदांत 'उपद्रवी तण' कशासाठी? आणि त्याऐवजी 'विषारी तण' चालेल का?

'विषारी' अजिबात नको. धोतरा विषारी आहे, पण बांधावरच्या धोतऱ्यानं कुणाचं रान पडीक पडत नाही. याउलट हरळी पाहा. गणपतीला वाहताना हिलाच आपण दूर्वा म्हणतो, जनावरंही ती आवडीनं खातात; पण काळ्या रानात शिरली की तिच्या मुळ्या वेचता वेचता कंबर मोडते.

'तण' आला संस्कृत 'तृण'वरून, प्राकृतातून. मूळ अर्थ नुसतं गवत. शेतकऱ्यानं तो आवळून घेतला : पिकात नको असताना उगवलं ते तण. म्हणून हरभऱ्यात उगवलेली ज्वारीसुद्धा तणच. 'तण खाई धन' खरं, पण ते धन ज्याचं त्याचं. कधी खुरपायचं हे रानाचा मालक ठरवतो.

'उपद्रव' बांध ओलांडतो. 'द्रु' म्हणजे धावणं. उपद्रव म्हणजे अंगावर धावून येणं. गाजरगवताला हा शब्द किती चपखल बसतो! (नावात गवत असलं तरी ते सूर्यफुलाच्या कुळातलं, पानं गाजरासारखी, एवढंच.) एका झाडाला हजारो बिया. त्या वाऱ्यानं, ओढ्याच्या पाण्यानं, शेणखतातून, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटून गावभर जातात. तुम्ही स्वच्छ खुरपलं आणि शेजाऱ्यानं फुलू दिलं, तर तुमची मेहनत वाया. शिवाय अंगाला खाज आणि दमा होतो तो शेत नसलेल्यालाही. असं नुकसान एकट्या मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, म्हणून कायदा लागतो. लातूर-नांदेडला लागून असलेल्या कर्नाटकानं १९७५ साली गाजरगवत उपद्रवी ठरवलं. परदेशातून येणाऱ्या मालात कोणत्या तणांच्या बिया चालणार नाहीत, याची यादी केंद्राच्या २००३ च्या आदेशात आहे.

तेव्हा हे विशेषण फुकटचं नाही. 'तण' माझ्या रानापुरतं, 'उपद्रवी तण' साऱ्या शिवाराचं.

आमची माय कुंद्याला तण म्हणतच नसे. "रानाला कुंदा लागलाय" म्हणायची, रोग लागावा तसं.