येसराचं माप, अंगठ्याचा ठसा आणि गुडघे

प्रश्न : वय ६३, राहणार औसा तालुका. मालक जाऊन तीन वर्षं झाली. शेत मुलगा बघतो, चूल सुनेच्या हाती, दिवस जाता जात नाही. माझा येसर (आमटीत घालायचं भाजक्या धान्य-मसाल्याचं पीठ) शेजारपाजारचे मागून नेतात, दोघी-तिघी म्हणाल्या, विकतच द्या. पण चव दर वेळी बदलते, गेल्या पावसाळ्यात अख्ख्या डब्याला वास लागला. मुलगा म्हणतो, आता या वयात कशाला? करू का?

उत्तर : करा मावशी, पण मापून करा. चव बदलते कारण मूठ रोज सारखी भरत नाही. एकदा नेहमीसारखाच येसर करा, फक्त प्रत्येक जिन्नस आधी तराजूवर ठेवा आणि नातवंडाला वहीत लिहायला सांगा. सुरुवातीला आधार हवा असेल, तर १ किलो कच्च्या मालाचा हा मेळ घ्या : गहू २५०, हरभरा डाळ २५०, ज्वारी १००, उडीद डाळ १००, धने १५०, जिरे ५०, सुकी लाल मिरची ७५ ग्रॅम आणि मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल, सुंठ सगळं मिळून २५. हळद-हिंग फोडणीत पडतंच, इथे नको.

बाजरी आणि सुकं खोबरं मुद्दाम वगळलंय. दोन्ही चवीला झकास, पण बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं आणि खोबऱ्याचं तेल खवट. घरच्या डब्यात घाला, विकायच्या पाकिटात नको. तुमच्या डब्याचा वास बहुधा या दोघांपैकी एकाचा, नाहीतर ओलीचा.

भाजणं वेगवेगळं आणि मंद आचेवर. गहू आतून कच्चा राहिला तर आमटी चिकट होते. दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. डाळी गुलाबीसर झाल्या की उतरवा. धने, जिरे आणि खडा मसाला शेवटी, वास सुटेपर्यंतच. जिरं करपलं तर सगळा येसर कडू, आणि त्याला उपाय नाही. भाजलेलं सुती कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या. धान्य धुतलं असेल, तर भाजण्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

गिरणीत घोळ होतो. पिठाच्या चक्कीवाले मिरची-मसाला घेत नाहीत, म्हणून कांडपवाल्याकडे जा. तुमच्या आधी कुणाचं काय दळलं ते विचारा आणि आपल्यातलंच मूठभर आधी दळून बाजूला काढा. दळून आलेलं पीठ गरम असतं. तसंच पिशवीत भरलं तर आत वाफ धरते, गाठी होतात आणि मागोमाग बुरशी. घरी आणून परत पसरा, गार झाल्यावरच भरा. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांत खपेल तेवढंच करा. वर्षाचा साठा चैत्र-वैशाखात करायची आपली जुनी रीत उगाच नाही.

किती दिवस टिकतो, हे कुणाला विचारू नका. प्रत्येक घाण्यातली तीन पाकिटं तारीख टाकून घरीच ठेवा, एकेक महिन्याने एक फोडा, वास घ्या, आमटी करा. जिथे चव उतरली त्याच्या महिनाभर आधीची मुदत पाकिटावर छापा.

आता भाव. समजा कच्चा माल २०० रुपये, दळण २०, गॅस १०, पाकिटं-लेबल २० आणि तुमच्या दोन तासांचे ८०. झाले ३३०. भाजताना ओल जाते, यंत्रात थोडं राहतं. समजा तयार माल ९०० ग्रॅम भरला, तर १०० ग्रॅमला जवळपास ३७ रुपये पडतात. हा खर्च झाला, भाव नव्हे. दुकानदाराचा वाटा, फुटलेली पाकिटं आणि थोडा नफा धरून पुढे जा. ते ८० रुपये बायका हमखास विसरतात आणि मग वर्षभर राबून हाती काही उरत नाही.

अन्न सुरक्षेची नोंदणी विक्रीच्या आधी करा. छोट्या घरगुती कामाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी असते आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. लेबलवर नाव, जिन्नस, वजन, किंमत, भरल्याची तारीख, मुदत, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. गहू आहे हे ठळक लिहा, काहींना तो चालत नाही.

मुलाचं म्हणाल, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तुमच्याच औसा तालुक्यात बायकांनी घरबांधणीच्या कामावर देखरेख केली होती. त्यातल्या कितीतरी जणी आज तुमच्याच वयाच्या असतील. त्याला एवढंच सांगा, आणि पहिल्या २ किलोंचा हिशोब दाखवा.

प्रश्न : वय ७०, परभणी जिल्हा. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला जाते, पण यंत्रावर अंगठा उमटत नाही. नातू म्हणतो, एटीएम कार्ड माझ्याकडे दे.

उत्तर : खुरपणी-धुणीभांड्यात ठशाच्या रेषा झिजतात, तुमचा दोष नाही. हात साबणाने धुवा, कोरडे पुसा, कातडी फारच कोरडी असेल तर तेलाचा अगदी हलका हात फिरवा आणि तेलकटपणा पुसून टाका. मग दुसरी बोटं लावून पाहा. आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. आधार केंद्रावर बोटं आणि डोळे नव्याने नोंदवून मिळतात. ‘व्यवहार झाला नाही’ म्हणून पुन्हा अंगठा मागितला, तर आधी पहिल्याची पावती मागा. पैसे हाती न येताही खात्यातून वजा झालेले असू शकतात. दर महिन्याला पासबुक छापून घ्या, आणि नातू कितीही गुणाचा असला तरी कार्ड आणि पिन एका हातात देऊ नका. सोबत न्यायचं तर त्याला बँकेत न्या. पैशावरून घरात जबरदस्ती होत असेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.

प्रश्न : वय ६७, हिंगोली. बचत गटात पापड लाटायला बोलावतात, पण खाली बसलं की उठवत नाही.

उत्तर : खाली बसूच नका. टेबलावर पोळपाट ठेवून खुर्चीत बसून लाटा, पापडाला काही कळत नाही. मांड्यांत जोर यायला रोज दोनदा हा व्यायाम करा : बिनचाकांची, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर बांधा, उभं राहा, सावकाश बसा. पहिला आठवडा ५ वेळा, मग हळूहळू १० पर्यंत. हातांशिवाय जमत नसेल तर आधी दोन्ही हात मांड्यांवर टेका. झोपेतून उठताना मिनिटभर खाटेच्या कडेला बसा. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर हे नक्कीच, चक्कर येऊन पडणं त्याच क्षणी होतं. गुडघा सुजला, तापला किंवा अचानक पाय लटका पडला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा.