जुन्या कॅम्परचा प्लाय बदलण्याआधी छप्पर बघा

प्रश्न थोडक्यात असा : जुन्या टेंपो ट्रॅव्हलरचा कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी) घेतलाय, गाडी बेळगावजवळच्या खानापुरात उघड्यावर असते, पलंगाजवळचा प्लाय पायाखाली दबतो, कुबट वास येतो. वरून ६ एमएमचा प्लाय ठोकून सनमायका लावला तर चालेल का?

नाही चालणार. कुजलेला प्लाय ओल धरून ठेवतो, खालचा पत्रा गंजत राहतो आणि नवा प्लायही फुगतो.

आधी गळती शोधा. पाणी जिथं ठिबकतं तिथूनच आत शिरतं असं नाही. छपराच्या आडव्या रिबवरून (पत्र्याखालच्या पट्टीवरून) वाहत जाऊन ते भलतीकडेच उतरतं. म्हणून आतलं सीलिंग आणि बाजूची पॅनेलं उतरवा. एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाइप धरायचा. सुरुवात खालून : खिडकीची खालची कड, मग वरची, मग छपराचा सांधा, शेवटी कॅरिअरचे बोल्ट आणि व्हेंट (हवेचा झरोका). एकेका जागी दहा मिनिटं पाणी सोडा, मगच वर सरका. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजतं आणि चोर सापडत नाही. प्रेशर वॉशर नको, तो धडधाकट रबरातूनही पाणी घुसवतो.

सापडलेल्या सांध्यातलं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा. त्यावर नवं सिलिकॉन धरत नाही, रंगही बसत नाही. पत्र्याच्या सांध्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, व्हेंटच्या फ्रेमखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). हे वळवाच्या आधी उरका. एप्रिल-मेचा वळीव फुकटात परीक्षा घेतो. तोवर आत एकही नवा प्लाय नको.

आता फ्लोअर. जुने स्क्रू गंजून अडकलेले असतात, डोकी ग्राइंडरनं कापा. पत्रा वायर ब्रशनं घासा, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन) लावून डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ सुकू द्या, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. पत्रा आरपार गेला असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाल्याकडून पॅच वेल्ड करून घ्या; वेल्डिंगआधी बॅटरीच्या केबल सोडवायच्या, आणि इन्सुलेशनचा फोम वेल्डिंगनंतरच. इन्सुलेशनला ग्लासवूल नको, आपल्या पावसात ते ओल धरून बसतं. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न पिणारा, एक्सएलपीई किंवा नायट्राइल फोम घ्या. वर १२ एमएमचा प्लाय, शिक्का आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक). दुकानदार 'वॉटरप्रूफ आहे' म्हणाला तरी शिक्का वाचा. कापलेल्या कडांना इपॉक्सी किंवा पीयू वार्निश लावायचं, कारण पाणी कडेतूनच पिलं जातं. भिंतीपासून ३-४ एमएम फट सोडा. प्लाय पीयू अॅडेसिव्हनं चिकटवा. स्क्रू मारायचाच असेल तर आधी गाडीखाली जाऊन टाकी, ब्रेकची नळी आणि वायरिंग कुठून गेलंय ते बघून या.

फर्निचरला घरकामाचा सुतार लावलात तर तो सवयीनं १८ एमएम वापरणार. आठ बाय चार फुटांचा १८ एमएमचा प्लाय साधारण ३५ किलो, १२ एमएमचा २४ किलोच्या आसपास. आठ पाट्यांत जवळजवळ ९० किलोंचा फरक! अॅल्युमिनियमच्या चौकटीवर पातळ प्लाय लावा. खिळे नकोत, चोर्ल्याच्या घाटातल्या हादऱ्यांनी ते सुटतात. गोंद आणि एल-ब्रॅकेट लावा, पत्र्यात रिव्हनट (भोकात दाबून बसणारा आट्यांचा नट). गादीखाली अख्खी फळी न टाकता पट्ट्या मारा, नाहीतर श्रावणापर्यंत खालून बुरशी.

वायरिंग भिंती बंद करण्याआधीच. १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना साधारण ५ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून ५ मीटरवर घरगुती १ स्क्वेअर एमएमची वायर नेली तर जाता-येता जवळजवळ ०.९ व्होल्ट पडतात आणि बॅटरी भरलेली असूनही फ्रिज कट मारतो. ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीत हेच ०.२ च्या आसपास. फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागूनच, १५ अँपिअरचा. जोड पिळून टेप मारलेले नकोत, लग क्रिंप करा, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवा. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग).

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच.

आणि हो, आरसी काढून बघा. सीट काढून पलंग-ओटा बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालचा बदल आहे. आधीच्या मालकानं त्याची नोंद केली नसेल तर सुताराला अॅडव्हान्स देण्याआधी आरटीओत एक चक्कर मारा, विमावाल्यालाही कळवा.