ऐंशीच्या दशकातली एकच गल्ली धरा

निऑन टॉप, अ‍ॅसिड वॉश जीन्स, लेगवॉर्मर (पोटऱ्यांवर चढवायचे विणलेले पाय), साखळ्यांचे काळे बूट असं सगळं जमवूनही आरशात फॅन्सी ड्रेसला निघाल्यासारखं दिसतं, असं तुम्ही लिहिलंय. आणि गॉथ संगीत (पंकमधून निघालेलं उदास, गूढ रॉक) ऐकत नसताना त्या गटाचे काळे गॉथ कपडे घातले तर चालतात का, हेही विचारलंय. त्या दशकातले कपडे मी बरीच वर्षं शोधते, उसवते, दुरुस्त करून वापरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे सगळं एका माणसाने एका वेळी सहसा घातलंच नव्हतं. लेगवॉर्मर आले नाचाच्या तालमींमधून आणि एरोबिक्समधून. अमेरिकन अभिनेत्री जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट १९८२ची. त्याच वर्षी लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह हा क्लब सुरू झाला आणि गॉथ मंडळींचे काळे कपडे, जाळीचे मोजे, पांढरा चेहरा यांना एक ठिकाण मिळालं. या दोन गटांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तुम्ही दोन्ही एका अंगावर चढवलेत, म्हणून घोटाळा झाला. एक गल्ली निवडा आणि तिच्यातच फिरा.

कुठली निवडायची हे ठरवताना ते कपडे कुणी आणि का घातले ते बघा. १९७९मध्ये लंडनच्या ब्लिट्झ क्लबात दर मंगळवारी जमणाऱ्या न्यू रोमँटिक (झालरी, मेकअप असा नाटकी, राजेशाही थाट करणाऱ्या) मुलांच्या खिशात फारसे पैसे नसायचे. कुणी सेंट मार्टिन्समध्ये कला शिकत होतं, कुणी बेकार होतं. नाटकातले जुने पोशाख, सेकंड हँड कोट, घरी शिवलेली झालर यांतून त्यांनी तो थाट उभा केला. दारात स्टीव्ह स्ट्रेंज उभा असायचा आणि आत कुणाला सोडायचं ते कपडे बघून ठरवायचा. त्यामुळे तयार 'न्यू रोमँटिक सेट' विकत घेतलात तर झालर मिळेल, पण त्यातली गंमत हातातून निसटेल. साधा पांढरा सैल शर्ट घ्या आणि कॉलर स्वतः शिवा. वाकडी झाली तरी चालेल.

आता दुसरा प्रश्न, संगीत न ऐकता गॉथ कपडे घालण्याचा. घाला, जरूर घाला. पण बाउहाउस या बँडचं १९७९चं पहिलं रेकॉर्ड आणि सूक्सी अँड द बॅन्शीज हा बँड एकदा कान देऊन ऐका. संगीत आवडलंच पाहिजे असं नाही. ऐकल्यावर कपडे कसे घालायचे ते आपोआप कळायला लागतं.

कपडे मुळात कुणी घडवले, या श्रेयाचा मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॅपर डॅन या डिझायनरने १९८२मध्ये दुकान काढलं. मोठ्या फॅशन कंपन्यांची चिन्हं तो स्वतः चामड्यावर छापायचा आणि रॅपर, खेळाडूंसाठी त्या कंपन्यांनी कधी केली नव्हती अशी जॅकेटं शिवायचा. कंपन्यांच्या कायदेशीर कारवायांमुळे १९९२मध्ये दुकान बंद पडलं. मग २०१७मध्ये गुचीने एक जॅकेट दाखवलं, ते डॅनने धावपटू डायन डिक्सनसाठी शिवलेल्या जॅकेटची जवळजवळ प्रतिकृती होतं. लोकांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे गुचीने त्याच्यासोबत काम सुरू केलं आणि २०१८मध्ये हार्लेममध्ये त्याचं नवं अटेलिए (कपडे शिवण्याचा स्टुडिओ) उघडलं. फुगीर बाह्यांचं, चिन्हांनी भरलेलं जॅकेट घालणार असाल तर हे नाव तुम्हाला माहीत असायलाच हवं.

खरेदीबद्दल. त्या काळातल्या ब्लेझरच्या खांद्यांत बहुधा फोमचे पॅड असतात. इतक्या वर्षांत फोम पिवळा पडून त्याचा भुगा होतो आणि अस्तराखाली हाताला चुरचुरतो. नुसते पॅड काढून टाकू नका! खांद्याची शिलाई आणि बाहीचा घेर पॅड धरूनच बेतलेला असतो. पॅड गेला की खांदा लोंबतो. अस्तर थोडं उसवून सुती वॅडिंगचे (दाबलेल्या कापसाच्या पट्ट्यांचे) थर देऊन तेवढ्याच जाडीचा नवा पॅड टाका. पॅडची जाडी थोडी कमी केलीत तर आजच्या कपड्यांबरोबरही शोभतं. एक माहिती जाता जाता: रुंद खांदे ऐंशीत पहिल्यांदा आले नव्हते, तीस-चाळीसच्या दशकांतही त्यांची चलती होती. म्हणजे आपण पुनरागमनाचंच पुनरागमन बघतोय.

लेबलवरच्या साइझवर जाऊ नका. आजचा तोच आकडा बहुतेक वेळा सैल असतो, म्हणून छाती, खांदा आणि कंबर टेपने मोजून मागवा. अमेरिकन कपड्यावर आयएलजीडब्ल्यूयू या कामगार संघटनेचं लाल-पांढरं-निळं लेबल असेल, तर तो १९७४ ते १९९५मधला धरता येतो. अ‍ॅसिड वॉशसाठी ब्लीचमध्ये भिजवलेले प्युमिसचे (हलके, सच्छिद्र) दगड कापडाबरोबर घुसळायचे; त्यात सूत अशक्त होतं, म्हणून जुन्या जीन्सचे गुडघे आणि शिवणी उजेडात धरून बघा.

बुटांच्या बाबतीत मी स्वतः फसले आहे. न वापरलेला, खोक्यातला जोड घेतला आणि पहिल्याच दिवशी तळाचे तुकडे पडले. पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा तळ नुसता ठेवूनही हवेतल्या दमटपणाने कुजतो. विकणाऱ्याकडून तळ वाकवतानाचा व्हिडिओ मागवा.

तुमच्याकडे आहे त्यातून सुरुवात करायची तर निऑन टॉप आणि लेगवॉर्मर सध्या बाजूला ठेवा. काळे बूट, काळी पँट, वर एखादा जुना मोठा ब्लेझर बाह्या दुमडून घाला, आणि फोटो इथे टाका. खांद्याचं माप मी बघून सांगते.