नेट गेल्यावर तुझ्या अ‍ॅपचं काय होतं?

प्रश्न: सर, मी बार्शीची. वय २१, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. युट्यूबवर बघून फ्लटरमध्ये (मोबाईल अ‍ॅप बनवायचं गुगलचं साधन) चॅट अ‍ॅप केलं. सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आहे आणि दोन्हीकडे मेसेज लगेच इकडून तिकडे नेणारी सॉकेट.आयओ ही लायब्ररी वापरलीय. कॉलेजात प्रोजेक्टला चांगले मार्क पडले. पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेले तर त्यांनी विचारलं, "फोन लॉक असताना मेसेज येतो का? मध्येच नेट गेलं तर काय होतं?" मला काहीच सांगता आलं नाही. खरं तर फोन लॉक केला की मेसेज येतच नाहीत, आणि कधी कधी एकच मेसेज दोन-तीनदा दिसतो. सॉकेट.आयओ सोडून साधं वेबसॉकेट शिकू का? की फ्लटर सोडून अँड्रॉइडसाठीची कोटलिन भाषा धरू? एका क्लासवाल्यांनी ६५ हजारांचा एआयचा कोर्स सुचवलाय. पप्पा म्हणतात, हे सगळं सोड आणि बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर: मुलाखत घेणाऱ्याने तुला वाकडा प्रश्न विचारला नाही. चॅट अ‍ॅप आता निम्म्या बायोडेटांवर असतं, आणि बहुतेक सगळी एकाच प्रकारच्या व्हिडिओवरून उतरवलेली असतात. लायब्ररी टाकली, मेसेज इकडून तिकडे गेला, व्हिडिओ संपला. पगार मिळतो तो त्यापुढच्या कामाचा. ते काम तू अजून केलेलं नाहीस एवढंच, आणि त्यासाठी लागणारं सगळं तुझ्याच अ‍ॅपमध्ये पडून आहे.

सोप्यापासून सुरुवात कर. मेसेज दोन-तीनदा दिसतो, कारण बहुधा तू मेसेज ऐकणारा लिसनर 'कनेक्ट' झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या आत लिहिला आहेस. नेट जाऊन परत आलं की लायब्ररी आपोआप पुन्हा जोडणी करते, ते फंक्शन पुन्हा चालतं आणि आणखी एक लिसनर चिकटतो. दोनदा नेट गेलं की तीन लिसनर. तो बाहेर काढून एकदाच नोंदव, आणि स्क्रीन बंद होताना काढून टाक. हे सापडलं की "तुम्हाला आलेला एखादा बग सांगा" या नेहमीच्या प्रश्नाला तुझ्याकडे स्वतःचं उत्तर असेल.

आता फोन लॉकचं. तुझ्या कोडमध्ये इथे चूक नाही, म्हणून तू कितीही शोधलंस तरी ती सापडणार नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून डोझ आहे: फोन हलवाहलव न करता पडून राहिला की सिस्टिम अ‍ॅपचं नेटवर्क थांबवते. आयफोन तर अ‍ॅप मागे गेल्यावर थोड्याच वेळात गोठवून टाकतो. सॉकेट, म्हणजे सर्व्हरशी असलेली जोडणी, सतत उघडा ठेवायचा हट्ट धरलास तर बॅटरी जाईल आणि तरीही सिस्टिम तुला हरवेल. सॉकेट.आयओच्या अधिकृत माहितीपत्रातच लिहिलंय की मोबाईलमध्ये पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेसाठी ही लायब्ररी नाही, त्यासाठी एफसीएमसारखी (गुगलची, बंद अ‍ॅपपर्यंतही सूचना पोचवणारी) पुश सेवा वापरा. म्हणजे अ‍ॅप समोर उघडं असेल तेव्हा सॉकेट, नसेल तेव्हा एफसीएम. आयफोनवर एफसीएमचं नोटिफिकेशन शेवटी अ‍ॅपलच्या एपीएनएस या तशाच सेवेतून जातं. मुलाखतीत याच प्रश्नावर तू अडकलीस, आणि उत्तर चार वाक्यांचं आहे.

खरा कस लागतो तो नेट मध्येच जाण्यावर. सॉकेट.आयओच्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर दर २५ सेकंदांनी क्लायंटला, म्हणजे फोनमधल्या अ‍ॅपला, 'आहेस का?' असा पिंग पाठवतो आणि उत्तरासाठी २० सेकंद थांबतो. समजा तुझी मैत्रीण एसटीत आहे आणि पिंगला उत्तर दिल्यादिल्या तिची रेंज गेली. पुढची जवळजवळ ४५ सेकंद सर्व्हर तिला 'जोडलेली' समजत राहू शकतो. तेवढ्यात तू पाठवलेले मेसेज तिच्या नावाने निघतात आणि कुठेच पोचत नाहीत. मूळ ठेवणीत ही लायब्ररी 'जास्तीत जास्त एकदा' पोचवण्याचीच हमी देते. पोचलं नाही तर सर्व्हर स्वतःहून परत पाठवत नाही.

मग व्हॉट्सअ‍ॅपला कसं जमतं? तिथल्या टिक आठव. सर्व्हरकडे गेला की एक टिक, समोरच्या फोनवर उतरला की दोन. सॉकेट.आयओमध्ये त्यासाठी अ‍ॅकनॉलेजमेंटची, म्हणजे पोच देण्याची, सोय आहे, पण ती वापरावी लागते. मेसेज आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये 'बाकी' म्हणून लिही आणि मगच पाठव. प्रत्येकाला फोनवरच एक वेगळा आयडी दे. सर्व्हरची पोच आली तर 'गेला', ठरावीक वेळात नाही आली तर पुन्हा पाठव. पुन्हा पाठवल्याने सर्व्हरवर तोच मेसेज दोनदा जमा होईल, म्हणून डेटाबेसमध्ये त्या आयडीवर युनिक बंधन घाल, म्हणजे तोच आयडी दुसऱ्यांदा जमा होणार नाही. आणि जोडणी परत झाली की फोनने सर्व्हरला सांगायचं, "माझ्याकडे अमुक क्रमांकापर्यंतचे आहेत, पुढचे दे." २०२३ मध्ये आलेल्या ४.६ आवृत्तीपासून थोड्या वेळासाठी तुटलेली जोडणी सावरण्याची सोय लायब्ररीतच आली आहे, पण ती दरवेळी यशस्वी होईलच असं नाही. 'पुढचे दे' हा रस्ता तुला लागणारच.

हे शिकायला ६५ हजार लागत नाहीत. सॉकेट.आयओच्या संकेतस्थळावरचा चॅटचा धडा मेसेज पोचला की संपत नाही. जोडणी तुटणं, सर्व्हरकडून पोचवणं, क्लायंटकडून पोचवणं असे टप्पे त्यात पुढे आहेत, आणि साठवणीला एसक्यूलाइटच वापरलंय. तो शेवटपर्यंत कर. परीक्षा सांभाळून दीड-दोन महिने धर.

साधं वेबसॉकेटही शिक, पण सॉकेट.आयओ टाकून नको. वेबसॉकेट हा प्रोटोकॉल आहे, म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे नियम. २०११ साली आरएफसी ६४५५ या मानक म्हणून तो ठरला. सॉकेट.आयओ त्याच्या वर स्वतःची रचना बसवतं, म्हणून साधा वेबसॉकेट क्लायंट सॉकेट.आयओच्या सर्व्हरशी बोलू शकत नाही. अनेक मुलं इथेच आपटतात. दुसरा खड्डा आवृत्त्यांचा: सॉकेट.आयओच्या फ्लटरसाठीच्या पॅकेजची १.x मालिका दुसऱ्या आवृत्तीच्या सर्व्हरसाठी आहे, तिसऱ्या-चौथ्यासाठी पॅकेज २.x किंवा त्यापुढचं लागतं. जुना व्हिडिओ बघून नवा सर्व्हर टाकला की जोडणी होत नाही आणि माणूस नेटला दोष देत बसतो. नोकरीच्या ठिकाणी लायब्ररी तू निवडणार नाहीस, ती आधीच ठरलेली असेल. झिरोधा या शेअर दलाल कंपनीच्या काइट कनेक्ट सेवेत शेअरचे भाव वेबसॉकेटवरून बायनरी रूपात येतात. फेसबुक मेसेंजरने २०११ मध्ये एमक्यूटीटी घेतलं होतं, जो प्रोटोकॉल मुळात १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाला. नावं बदलतात. कोणता डेटा हरवला तर चालेल आणि कोणता नाही, हा प्रश्न सगळीकडे तोच. रिक्षा नकाशावर कुठे आहे याची दहा सेकंदांपूर्वीची नोंद फेकून दिली तरी बिघडत नाही, उलट नेट आल्यावर जुन्या नोंदी धडाधड पाठवल्या तर त्रासच. चॅटमधला एकही मेसेज हरवता कामा नये. मी मुलाखत घेतली तर हेच विचारेन.

बायोडेटावर 'रिअल टाइम चॅट अ‍ॅप' ही ओळ काढ. त्याऐवजी लिही: नेट तुटल्यावर न हरवणारे आणि दोनदा न उमटणारे मेसेज, फोन लॉक असताना एफसीएमने सूचना. सोबत दोन मिनिटांचं स्क्रीन रेकॉर्डिंग: एअरप्लेन मोड लावून तीन मेसेज पाठवलेस, मोड काढलास, तिन्ही क्रमाने एकदाच पोचले. डोझची वाट बघत बसू नकोस, एडीबीच्या (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं अँड्रॉइडचं साधन) कमांडने फोनला जबरदस्तीने त्या अवस्थेत नेता येतं. ते करून बघितलंय हे मुलाखतीत जरूर सांग.

एआयचा कोर्स मला पटलेला नाही. एआय वाईट म्हणून नव्हे. अर्धवट ठेवलेल्या एका विषयावर दुसरा अर्धवट विषय चढवायला तू ६५ हजार घालशील, म्हणून. कोटलिनही आत्ता नको. पहिली नोकरी फ्लटरवर मिळाली तर तिथे अँड्रॉइडच्या आत शिरायची वेळ येईलच, तेव्हा ते गरजेपोटी पटकन येतं.

पप्पांची काळजी खोटी नाही, पण घाईचं कारणही नाही. बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या पीओ (अधिकारी) परीक्षेला खुल्या प्रवर्गातही ३० पर्यंत बसता येतं, क्लार्कला २८ पर्यंत. तू २१ ची आहेस. त्यांच्यासमोर बसून तारीख ठरव: निकालानंतर एक वर्ष या क्षेत्राला, तोवर बँकेचा विषय बंद. दोन्ही अर्धे-अर्धे करू नकोस, बँकेची तयारीही दिवसाचे सहा-सात तास मागते. आणि तो एअरप्लेन मोडचा व्हिडिओ तयार झाला की कंपन्यांना पाठवायच्या आधी पप्पांना दाखव. त्यांच्याच फोनवर अ‍ॅप टाकून दाखवलंस तर जास्त बरं.